आपल्याच मंदिराला जाब: बारा लघुसंदेष्ट्यांचा परिचय

हिब्रू बायबलातील बारा लघुसंदेष्ट्यांची पुस्तके प्राचीन काळी एकाच गुंडाळीवर लिहिली जात. होशेय, योएल, आमोस, ओबद्या, योना, मीखा, नहूम, हबक्कूक, सफन्या, हाग्गय, जखऱ्या आणि मलाखी हा त्यांचा क्रम. यहुदी परंपरा ही बारा पुस्तके न मानता एकच ग्रंथ मानते. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या आरंभी लिहिणाऱ्या बेन सिरा या यरुशलेमच्या पंडिताने पूर्वजांची थोरवी गाताना यशया, यिर्मया, यहेज्केल यांच्यामागोमाग या बारा जणांचा एकत्रच उल्लेख केला आहे. म्हणजे तोवर हा संग्रह सिद्ध झाला होता. ‘लघु’ हे विशेषण ख्रिस्ती परंपरेतले असून ऑगस्टीनने पाचव्या शतकातच त्याचा खुलासा केला आहे: या पुस्तकांचा विस्तार कमी, एवढाच त्याचा अर्थ. बाराही पुस्तकांचे मिळून ६७ अध्याय होतात. एकट्या यशयाचे ६६ आहेत. ओबद्या तर २१ वचनांत आटोपतो. आकाराने लहान ते मोलानेही लहान, अशी समजूत मात्र नकळत होऊन बसते. योनाचा मासा, मीखाचे बेथलेहेम आणि मलाखीचा दशांश एवढ्यावर पुष्कळांची ओळख थांबते आणि उरलेली पाने कोरी करकरीत राहतात.

या पुस्तकांकडे वळण्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. संदेष्टा हा ज्योतिषी नव्हे. पुढे काय होणार हे तो सांगतो खरे, पण ते आज जे चालले आहे त्याचा परिणाम म्हणून. लोक वागणूक बदलतील तर सांगितलेले टळूही शकते. योनाच्या पुस्तकाचा सगळा पेच त्यावरच उभा आहे. शिवाय त्या काळी संदेष्टे पुष्कळ होते. राजाच्या पदरी असत, देवस्थानांच्या आश्रयाने राहत, लढाईपूर्वी कौल देत. मीखाने त्यांचे वर्णन फार झोंबणारे केले आहे: पोटाला मिळाले की ते शांतीची ग्वाही देतात आणि ज्याने घास दिला नाही त्याच्याविरुद्ध युद्ध पुकारतात. ज्यांची वचने पुढे जपली गेली ते या पगारी मेळ्यातले नव्हते, किंवा असले तरी त्यांनी धन्याला आवडेल ते सांगितले नाही.

त्यांचा काळ ढोबळमानाने इ.स.पू. आठव्या शतकाच्या मध्यापासून पाचव्या शतकापर्यंतचा. काही भाग त्यानंतरचे असावेत असे अनेक अभ्यासक मानतात. दावीद-शलमोनाच्या राज्याची दोन शकले होऊन तोवर दीडेक शतक लोटले होते. उत्तरेला इस्राएल, त्याची राजधानी शोमरोन. दक्षिणेला यहूदा, त्याची राजधानी यरुशलेम. दोन्ही राज्ये जीवाने लहान आणि मोठ्या सत्तांच्या वाटेवर वसलेली. अश्शूरने इ.स.पू. ७२२ मध्ये शोमरोन बुडवले. बाबेलने ५८६ मध्ये यरुशलेम आणि तिथले मंदिर जाळले. ५३९ मध्ये पारसाच्या कोरेशाने बाबेल घेतले आणि पाडाव करून नेलेल्यांना परतण्याची मोकळीक मिळाली. संग्रहातले पहिले सहा संदेष्टे सर्वस्वी जुने आणि शेवटचे सहा नवे, असे मात्र नाही. योएलचा काळ कोणता यावर अजून एकमत नाही आणि योनाची कथा आठव्या शतकातल्या माणसाविषयीची असली तरी लिहिली गेली ती बहुधा बरीच नंतर.

आमोसपासून आरंभ करणे सोयीचे, कारण ज्यांची वचने ग्रंथरूपाने उरली अशा संदेष्ट्यांत तो बहुधा पहिला. इस्राएलचा राजा दुसरा यराबाम याच्या कारकिर्दीत, इ.स.पू. ७६० ते ७५० च्या सुमारास, तो उत्तरेत बोलला. राहणारा मात्र दक्षिणेचा, तकोवा या वाळवंटाच्या कडेवरच्या गावचा. मेंढरे राखणे आणि उंबराच्या जातीच्या झाडांची निगा ठेवणे हा त्याचा धंदा. या झाडाच्या कच्च्या फळाला चीर दिली की ते लवकर पिकते. एकेका फळाला हात लावावा लागत असल्याने काम मोठे चिकाटीचे. तकोवाच्या उंचीवर हे झाड येत नाही, तेव्हा हंगामात तो सखल भागात उतरत असावा. मेंढपाळ म्हणून लोकर घेऊन उत्तरेच्या बाजारातही गेला असेल. बाजारातले त्याला सगळे ठाऊक आहे हे त्याच्या बोलण्यातून दिसते.

तो काळ भरभराटीचा होता. अश्शूर घरच्या भानगडीत गुंतलेले, दिमिष्क दुबळे झालेले, व्यापार जोरात. शोमरोनच्या टेकडीवर १९१० साली झालेल्या उत्खननात शंभराच्या आसपास लेख असलेली खापरे सापडली. त्यांवर कोणत्या गावाहून, कोणाच्या नावे, राजाच्या कारकिर्दीच्या कितव्या वर्षी जुन्या द्राक्षारसाची वा उत्तम तेलाची बुधली आली याच्या नोंदी आहेत. १९३० नंतरच्या दशकात त्याच जागी हस्तिदंती नक्षीचे तुकडे निघाले. पलंग, खुर्च्या आणि पेट्या मढवण्यासाठी ते वापरलेले. हस्तिदंती पलंगांवर लोळणाऱ्यांवर आमोस तुटून पडतो तेव्हा ती कवीची अतिशयोक्ती नव्हती. ते तुकडे आज संग्रहालयांत पाहायला मिळतात.

त्याच्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय रचनेच्या दृष्टीने फार कावेबाज आहेत. आधी दिमिष्कावर शिक्षा जाहीर होते, मग गज्जावर, सोरवर, अदोमवर, अम्मोनवर, मवाबवर. प्रत्येकाचा गुन्हा युद्धातला: गरोदर बायकांची पोटे फाडणे, गावेच्या गावे गुलाम म्हणून विकणे, मेलेल्या राजाची हाडे जाळणे. ऐकणारे इस्राएली खूश होऊन माना डोलावत असणार. सातवे नाव यहूदाचे येते. भाऊबंद असले तरी तेही शेजारीच, तेव्हा चालायचे. आणि आठवे नाव श्रोत्यांचे स्वतःचे निघते. त्यांचा गुन्हा युद्धातला नाही. कर्जाच्या फुटकळ रकमेपायी, जोड्याच्या जोडापायी, त्यांनी गरिबाला विकले आणि गहाण घेतलेल्या पांघरुणांवर वेदीशेजारी बैठक मारली. शेजाऱ्यांच्या रक्तपाताच्या पंगतीला संदेष्ट्याने घरचा सावकारी व्यवहार आणून बसवला, हे ऐकणाऱ्यांना चांगलेच लागले असेल. बाराही पुस्तकांची किल्ली या वळणात आहे. जाब परक्यापासून सुरू होतो आणि स्वतःच्या मंदिरात येऊन थांबतो. जो वाचक त्यात केवळ आपल्या विरोधकांची पापे मोजतो, तो अजून मवाबापर्यंतच पोचला आहे.

पांघरुणाचा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. गरिबाचा झगा हेच त्याचे रात्रीचे अंथरूण-पांघरूण, म्हणून गहाण घेतला तरी सूर्य मावळण्यापूर्वी परत द्यावा, असे निर्गमाच्या पुस्तकातले नियमशास्त्र सांगते. हा नियम कागदावरच राहत असे का, याचे उत्तर समुद्रकाठच्या एका लहान किल्ल्यात १९६० साली मिळाले. याब्ने-यामजवळच्या या किल्ल्यात इ.स.पू. सातव्या शतकाच्या अखेरीचे एक खापर सापडले. त्यावर कापणीच्या एका मजुराचा तक्रारअर्ज आहे. नेमून दिलेली कापणी पुरी केली, धान्य मोजून कोठारात टाकले, तरीही होशयाहू बेन शोबाय नावाच्या माणसाने झगा काढून नेला. बरोबरचे कापणीवाले साक्ष देतील. तेव्हा अधिकाऱ्याने झगा परत मिळवून द्यावा. अर्जदाराचे नाव त्यात नाही आणि निकाल काय लागला तेही कळत नाही. आमोसानंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी, दुसऱ्या राज्यात, तोच झगा आणि तोच माणूस.

पुढे आठव्या अध्यायात व्यापारी येतात. चंद्रदर्शनाचा सण आणि शब्बाथ कधी एकदा संपतो आणि दुकान उघडतो असे त्यांना झालेले. शब्बाथ ते पाळतात, यात शंका नाही. दुकान बंदच आहे. पण बंद दुकानात बसून माप लहान कसे करावे, वजन जड कसे करावे आणि गव्हात कोंडा कसा मिसळावा याचे बेत चालू आहेत. त्या काळी नाणी नव्हती, चांदी तोलून दिली जाई. यहूदातल्या उत्खननांत शेकेलची दगडी वजने मोठ्या संख्येने मिळाली आहेत. एक शेकेल साधारण ११ ग्रॅमचा. घेताना एक दगड आणि देताना दुसरा, ही युक्ती नियमशास्त्राने नाव घेऊन निषिद्ध ठरवली आहे, म्हणजे ती सर्रास चालत असली पाहिजे. मापात पाप करणारा सणवार बिनचूक पाळतो, ही आमोसाच्या दृष्टीने विसंगती नव्हे. सणाच्या जोरावर त्याला मापाचा विसर पडतो, हे त्याचे निदान आहे.

म्हणूनच पाचव्या अध्यायात परमेश्वर सणांचा तिटकारा बोलून दाखवतो, होमबली नाकारतो, गाण्यांचा गोंगाट दूर करायला सांगतो आणि त्याऐवजी न्याय पाण्यासारखा वाहू द्या म्हणतो. त्या प्रदेशातले बहुतेक ओढे पावसाळ्यापुरते वाहतात आणि उन्हाळ्यात त्यांची दगडगोट्यांची पात्रे उरतात. आमोस मागतो तो बारमाही प्रवाह. सणासुदीला उसळणारी आणि एरवी आटणारी नीती त्याला नको आहे. एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन अभ्यासकांनी, विशेषतः वेलहाउझेनच्या परंपरेने, यातून संदेष्टे विरुद्ध याजक असा उभा दावा मांडला: एकीकडे शुद्ध नीतिधर्म, दुसरीकडे पोकळ कर्मकांड. प्रॉटेस्टंट मनाला तो भावला, पण मजकुराला तो पेलत नाही. आमोसाने मंदिरे पाडा असे म्हटलेले नाही. गरिबाच्या पांघरुणावर बसून केलेली उपासना देवाच्या कानी पोचत नाही, एवढेच त्याचे म्हणणे, आणि ते पुरेसे कठोर आहे.

बेथेलच्या याजकाशी झालेला त्याचा खटका आजच्या वाचकाने सावकाश वाचावा. अमस्या नावाचा हा याजक राजाकडे कळवतो की आमोस फितुरी करतो आहे आणि देशाला त्याचे बोलणे सोसवत नाही. मग आमोसाला सांगतो: यहूदात जा, तिकडे भाकरी मिळव; इथे बोलू नकोस, कारण हे राजाचे पवित्रस्थान आहे. देवाचे म्हणायला हवे तिथे त्याच्या तोंडून राजाचे निघते. हाडाचा दुष्ट असा अमस्या दिसत नाही. संस्थेची घडी बिघडू नये असे वाटणारा तो जबाबदार पदाधिकारी आहे. सरकारमान्य धर्मस्थळांना कोणत्याही काळात अशी माणसे लागतात. आमोस उत्तर देतो की तो धंद्याने संदेष्टा नाही. त्याचे पोट मेंढरांवर आणि उंबरांवर चालते. त्याचे स्वातंत्र्य या उत्तरात आहे.

अब्राहम जोशुआ हेशेल या यहुदी विचारवंताने संदेष्ट्यांवरचा आपला मोठा ग्रंथ १९६२ साली प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी २८ ऑगस्टला वॉशिंग्टनच्या सभेत मार्टिन ल्यूथर किंग यांनी आमोसाचे न्यायाच्या प्रवाहाचे वचन उच्चारले. १९६५ मध्ये सेल्माच्या मोर्चात दोघेही होते. रब्बी आणि बाप्तिस्त पाळक यांना एकत्र आणणारे समान पुस्तक कोणते, याचे उत्तर फार शोधावे लागत नाही.

होशेय आमोसाच्या मागोमागचा आणि स्वतः उत्तरेचाच. त्याच्या हयातीत उत्तरेचे राज्य कोसळत होते. वीस-पंचवीस वर्षांत चार राजांचे खून झाले. आमोस बाजारातून बोलतो तर होशेय घरातून. गोमर नावाच्या स्त्रीशी त्याचे लग्न, तिचे सोडून जाणे, मुलांना ठेवलेली भयंकर नावे आणि तिला पुन्हा स्वीकारणे, या सगळ्यातून तो परमेश्वर आणि इस्राएल यांचे नाते मांडतो. यज्ञापेक्षा दया हवी, हे त्याचे म्हणणे पुढे दोन परंपरांना आधार झाले. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू ते दोनदा सांगतो. इ.स. ७० मध्ये रोमी सैन्याने यरुशलेमचे मंदिर जाळल्यावर, प्रायश्चित्ताची जागाच गेली म्हणून रडणाऱ्या शिष्याला योहानान बेन जक्काई यांनीही तेच वचन ऐकवून धीर दिला, असे रब्बी परंपरा सांगते. होशेयाच्या दुसऱ्या अध्यायात मात्र वाचकाने थबकावे. पतीने बेइमान पत्नीला उघडे पाडण्याची, कोंडण्याची भाषा तिथे देवाच्या तोंडी आहे. रूपक म्हणून ती समजते. पण ज्या घरात मारहाण चालते तिथे हा अध्याय मारणाऱ्याच्या हाती आयते हत्यार देतो, हा स्त्रीवादी अभ्यासकांचा आक्षेप रास्त आहे. तो डावलून होशेयाच्या कोमलपणाचे गोडवे गाणे प्रामाणिकपणाचे नाही.

मीखा यहूदातला, लाखीशजवळच्या मोरेशेथ या गावचा. रात्री अंथरुणावर पडून बेत रचायचे आणि उजाडताच शेत बळकवायचे, अशा जमीनदारांवर त्याचा रोख आहे. त्याचा मुलूख इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरच्या सन्हेरीबाने तुडवला. लाखीशच्या वेढ्याचे दगडी शिल्पपट सन्हेरीबाने निनवेतल्या आपल्या महालात लावले होते. ते आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि सुळावर दिलेले, कातडे सोललेले यहूदी त्यांत स्पष्ट दिसतात. अशा काळात देशभक्तीची भाषा सोपी असते. मीखाने उलट सांगितले की यरुशलेम नांगरले जाईल आणि त्याला कारण इथलेच पुढारी, पैसे घेऊन न्याय देणारे, मोल घेऊन शिकवणारे, आणि वर देव आपल्यात आहे म्हणून निर्धास्त असणारे. शंभर वर्षांनी यिर्मयाने तसेच भाकीत केले तेव्हा त्याला ठार मारा अशी ओरड झाली. देशातल्या काही वडीलधाऱ्यांनी उठून मीखाचा दाखला दिला: हिज्कीया राजाने त्याला मारले नव्हते, त्याचे ऐकले होते. यिर्मया वाचला. एका संदेष्ट्याचे जपून ठेवलेले शब्द दुसऱ्याच्या जीवावर बेतलेले टाळू शकतात, याची नोंद बायबलातच आहे.

तलवारींचे फाळ करण्याचे मीखाचे स्वप्न यशयाच्या पुस्तकातही जवळजवळ शब्दशः येते. १९५९ साली सोव्हिएत संघाने न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आवारात त्या कल्पनेवरचा येवगेनी वुचेतिच यांचा पुतळा भेट दिला. नास्तिक सरकारने बायबलातले चित्र निवडावे, ही इतिहासाची गंमत. याच संग्रहात योएल मात्र फाळांच्या तलवारी करायला सांगतो. दोन्ही वचने एकाच गुंडाळीवर होती आणि कोणीही एक खोडले नाही.

योना आणि नहूम यांच्यात हाच ताण टोकाला जातो. दोघांचाही विषय निनवे. नहूमाचे पुस्तक निनवेच्या पाडावावरचा जल्लोष आहे: चाबकांचे आवाज, चाकांचा खडखडाट, प्रेतांचे ढीग, आणि बातमी ऐकून टाळ्या पिटणारे जग. इ.स.पू. ६६३ मध्ये अश्शूरने मिसरातले नो-आमोन हे शहर लुटले त्याची तो निनवेला आठवण देतो. ६१२ मध्ये निनवे खरोखरच पडले. नहूमात इस्राएलच्या पापाचा एक शब्द नाही, म्हणून अनेक धर्मपंडित त्याच्याजवळून अंग चोरून जातात. लाखीशचे शिल्पपट पाहिलेल्याला मात्र ज्यांची मुले चिरडली गेली त्यांचा तो सुटकेचा निःश्वास समजतो. योनाचे पुस्तक त्याच निनवेला क्षमा करून दाखवते. राजापासून गुरांपर्यंत सगळे गोणपाट नेसतात, देव कोप आवरतो आणि संदेष्टा चिडून बसतो. देव दयाळू आहे हे ठाऊक होते म्हणून तर मी पळालो, असे तो देवालाच सुनावतो. वाळलेल्या वेलीसाठी हळहळणाऱ्या योनाला एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांची आणि शिवाय गुराढोरांची आठवण करून देणाऱ्या प्रश्नावर पुस्तक संपते. योनाचे उत्तर दिलेले नाही. यहुदी लोक हे पुस्तक प्रायश्चित्ताच्या दिवशी, योम किप्पूरला, दुपारच्या प्रार्थनेत वाचतात. स्वतःची क्षमा मागण्याच्या दिवशी शत्रूच्या क्षमेची गोष्ट वाचायची, ही योजना ज्याने केली त्याची जाण थोर म्हटली पाहिजे. इस्लाममध्ये हाच योना यूनुस म्हणून पूज्य आहे. निनवेच्या अवशेषांवर, आजच्या मोसुलमध्ये, त्याच्या कबरीची जागा मानली जाणारी मशीद २०१४ च्या जुलैत इस्लामिक स्टेटने सुरुंग लावून उडवली.

हबक्कूक जनतेला काही सांगण्याऐवजी देवालाच विचारतो. अन्याय समोर दिसत असताना तू गप्प का? उत्तर मिळते की खास्दी, म्हणजे बाबेलचे लोक, येत आहेत. ते ऐकून त्याची तक्रार आणखी वाढते: वाइटाला शिक्षा द्यायला त्याहून वाईट माणसे? मग तो पहाऱ्याच्या बुरुजावर उभा राहून वाट पाहतो. दुसरे उत्तर समाधानाचे नाही, धीर धरण्याचे आहे: नीतिमान माणूस आपल्या निष्ठेने तगेल. पौलाने हे वचन रोमकरांस आणि गलतीकरांस पाठवलेल्या पत्रांत घेतले आणि सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरच्या धर्मसुधारणेचा ते पाया झाले. ताल्मूदमध्ये रब्बी सिम्लाई मोशेच्या ६१३ आज्ञांचा सारांश कोणी कितीत केला ते सांगतात; दाविदाने अकरांत, मीखाने तिनांत, आणि शेवटी हबक्कूकाने याच एका वचनात. हबक्कूकाची श्रद्धा मतांची यादी पाठ असण्याची नाही. अंजीर फुलले नाही, द्राक्षवेली आणि जैतून रिकामे राहिले, शेत पिकले नाही, गोठा ओस पडला, तरी आनंद करण्याचे तो शेवटी ठरवतो. प्रश्न मिटलेले नसतात. संकट हे विश्वास कमी पडल्याचे लक्षण आणि सुबत्ता ही त्याची पावती, असे शिकवणाऱ्या प्रचारकांना हे पुस्तक अडचणीचे आहे.

ओबद्या, योएल आणि सफन्या यांच्याविषयी थोडक्यात सांगता येईल. ओबद्याचा अदोमवरचा आरोप मारण्यापेक्षा बघत राहण्याचा अधिक आहे: भावाचे शहर लुटले जात असताना तो बाजूला उभा राहिला आणि मग पळणाऱ्यांना नाक्यावर अडवून धरले. योएल टोळधाडीवर बोलतो. १९१५ मध्ये पॅलेस्टाइनवर आलेल्या टोळधाडीत मळेच्या मळे ओरबाडले गेले. त्या वेळची वर्णने योएलाशी जुळवून वाचता येतात. कपडे फाडण्यापेक्षा हृदय फाडा, असे तो सांगतो, आणि देवाचा आत्मा दासदासींवरही ओतला जाईल असे म्हणतो. प्रेषितांच्या पुस्तकात पेत्र पन्नासाव्या दिवसाच्या सणाला तेच वचन घेऊन उभा राहतो. सफन्याच्या क्रोधाच्या दिवसातून मध्ययुगातले मृतांसाठीचे प्रसिद्ध लॅटिन स्तोत्र निघाले. पण त्याचा अधिक नेमका वार देव बरेही करत नाही आणि वाईटही करत नाही असे मनात धरून निवांत बसलेल्यांवर आहे. नास्तिक त्या काळी दुर्मीळ. देव मानून त्याला निकालात काढणारे मात्र होते.

हाग्गय आणि जखऱ्या परतलेल्यांच्या यरुशलेमात बोलतात. हाग्गयाची वचने तारखांसकट दिलेली असून ती सगळी इ.स.पू. ५२० मधल्या चार महिन्यांहून कमी काळातली आहेत. लोकांची घरे तक्तपोशीची आणि मंदिर पडके. मजुरी मिळते ती भोक पडलेल्या थैलीत जाते. आमोसाने ज्याला झिडकारले त्याच उपासनेसाठी हाग्गय इमारत मागतो, हे खटकते. दोघांचा मेळ घालण्याचा अट्टाहास करू नये. आमोसासमोर मस्तावलेले देवस्थान होते. हाग्गयासमोर नाउमेद झालेली, एकत्र येण्याची जागाच नसलेली माणसे. मंदिर ५१५ मध्ये पुरे झाले. जखऱ्याला मध्यंतरी बेथेलकडच्या मंडळींनी विचारले की मंदिर जळाल्याचा उपास आता चालू ठेवावा की सोडावा. त्याने हो-नाही सांगितलेच नाही. सत्तर वर्षे उपास केलात तो देवासाठी का, असे उलट विचारून विधवा, अनाथ, परदेशी आणि गरीब यांच्यावरच्या जुलमाचा विषय काढला.

मलाखीत धार्मिक जीवन थकलेले दिसते. लोक लंगडी, आंधळी जनावरे वेदीवर आणतात. असले जनावर सुभेदाराला नजर करून पाहा, तो खूश होईल का, असा टोमणा संदेष्टा मारतो. दशांश कोठारात आणा आणि आकाशाच्या खिडक्या उघडतात का ते पाहा, हे त्याचे वचन मराठी मंडळ्यांसह जगभरच्या ख्रिस्ती मंडळ्यांत देणगीच्या वेळी हमखास ऐकू येते. त्याच्या अलीकडे पाचच वचनांवर मजुराची मजुरी बुडवणारे, विधवेला, अनाथाला छळणारे आणि परक्याचा हक्क हिरावणारे यांच्याविरुद्ध देव स्वतः साक्षीला उभा राहील असे म्हटले आहे. ते तितके ऐकू येत नाही. दशांश म्हणजे कोठारातले धान्य होते. ते जमीन नसलेल्या लेव्यांसाठी असे आणि नियमशास्त्रातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाप्रमाणे दर तिसऱ्या वर्षी परदेशी, अनाथ, विधवा यांच्या पोटात जाई. दुप्पट परताव्याची योजना म्हणून तो सांगणे म्हणजे मलाखीने ज्यांना झापले त्यांच्याच पंक्तीला बसणे.

मलाखीच्या अखेरीस एलीया संदेष्टा परत येईल आणि बापांची मने मुलांकडे व मुलांची मने बापांकडे वळवील असे वचन आहे. या एलीयाशी महाराष्ट्राचे जुने नाते आहे. कोकणातले मराठी बोलणारे यहुदी, म्हणजे बेने इस्राएल, पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळण्याचा धंदा करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनवार तेली म्हणून ओळखले जात. त्यांच्यात एलियाहू हन्नाबीची भक्ती विशेष आहे. अलिबागजवळच्या खंडाळे येथे त्याच्या येण्याची खूण मानला जाणारा खडक असून शुभकार्याच्या वेळी आणि नवस फेडताना गोड पोहे, खोबरे आणि फळे यांचा मलिदा त्याच्या नावाने करतात.

ही पुस्तके वाचताना दोन वाटा टाळाव्यात, आणि दोन्हींवरून पुष्कळ लोक गेले आहेत. मृत समुद्राकाठच्या कुमरान पंथाने हबक्कूकावर लिहिलेले भाष्य १९४७ मध्ये गुहेत सापडले. त्यात प्रत्येक ओळ भाष्यकाराच्या काळाला लावलेली आहे: खास्दी म्हणजे आजचे परकीय आक्रमक, दुष्ट म्हणजे आपल्या गुरूचा वैरी याजक, नीतिमान म्हणजे आपण. आजही बातम्यांतल्या देशांची नावे जखऱ्याच्या दृष्टान्तांत शोधणारे हेच करतात. दुसरी वाट अधिक रक्तरंजित आहे. संदेष्ट्यांनी आपल्या लोकांना सुनावलेले खडे बोल चर्चने शतकानुशतके यहुद्यांच्या विरुद्ध पुरावा म्हणून वापरले. घरच्या माणसाने घरात केलेली कानउघाडणी शेजाऱ्याने चव्हाट्यावर वाचावी, असा तो प्रकार. आमोस, मीखा, मलाखी यांचे शब्द आज हाती आहेत ते यहुदी लेखनिकांनी ते नकलून जपले म्हणून. राजांच्या विजयांचे लेख दगडांवर कोरणारी राज्ये पुष्कळ झाली. पराभव झाल्यावर, मंदिर जळाल्यावर, आपल्याला दोषी ठरवणारी भाषणे पवित्रशास्त्रात सामील करणारा समाज विरळा. आजच्या कोणत्याही मंडळीने, मठाने, संस्थेने आपल्या टीकाकारांची भाषणे प्रार्थनेच्या पुस्तकात छापली आहेत का, हा प्रश्न त्यातून आपोआप उठतो.

वाचनाचा क्रम ज्याचा त्याने ठरवावा. कालक्रम हवा असेल तर आमोस, होशेय, मीखा यांच्यापासून आरंभ करून सफन्या, नहूम, हबक्कूक घ्यावेत, मग हाग्गय आणि जखऱ्याचे पहिले आठ अध्याय. जखऱ्याचे नवव्यापासूनचे अध्याय वेगळ्या हातचे मानले जातात, ते मलाखीबरोबर वाचलेले बरे. संदर्भ शोधताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हिब्रू प्रतींत योएलचे चार आणि मलाखीचे तीन अध्याय आहेत, तर रूढ मराठी बायबलात योएलचे तीन आणि मलाखीचे चार. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले आणि त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेले भाषांतर, तसेच चर्चमध्ये रूढ असलेली आवृत्ती, या दोन्ही शेजारी ठेवून वाचल्यास होशेय आणि हबक्कूक यांतली अवघड वचने उलगडायला मदत होते, कारण हिब्रू मजकूरच तिथे अनेक जागी अस्पष्ट आहे.